टेकलं की सांगा

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आजपासून लिहून ठेवणार आहे. कारण सापडलं की वही बंद.

आज पुन्हा गिरकी झाली. एकोणीस वर्षं मी या क्लबात विमान शिकवतोय, त्यात एकूण तीन गिरक्या. आणि आता चार आठवड्यांत दोन. कुणाला काही लागलं नाही, पंखाचं टोक घासलं, तेवढंच. पण सेक्रेटरी आपला चष्मा पुसत म्हणाला, "सर, हे सवयीचं व्हायला नको." म्हणजे याला वाटतं आम्ही हौसेने फिरतो.

उद्या हा वही मागेल, आणि याने जन्मात पतंगसुद्धा उडवलेला नाही, म्हणून नीट लिहितो. आमच्या पिवळीला पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटाखाली एक चिमुकलं. वजन सगळं मोठ्या चाकांच्या मागे. धावपट्टीवर पळताना तोंड जरा वाकडं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं, आणि वेळेवर पाय मारला नाही तर विमान स्वतःभोवती फिरून आल्या वाटेकडे तोंड करून उभं राहतं. हीच गिरकी. ती हवेत होत नाही. चाकं जमिनीला लागल्यावर, माणूस हुश्श करतो तेव्हा होते. म्हणून मी पहिल्या दिवशी सांगतो, उतरवणं हाताचं काम, उतरल्यानंतरचं सगळं पायाचं. जाड तळाचे बूट घालून आलेल्याला मी परत पाठवतो. पायाने ऐकता आलं पाहिजे.

विद्यार्थी पुढे बसतो, मी त्याच्या मागे. पेडलं दोघांना वेगळी, पण एकाच तारेने जोडलेली, कुणीही उजवं दाबलं की दोघांचं डावं मागे येतं, आणि त्यांच्याखाली टाचेशी ब्रेकची छोटी पेडलं. मला पुढचं काही दिसत नाही, विद्यार्थ्याचं डोकं तेवढं दिसतं. तरी चाकं जमिनीला लागली की विद्यार्थ्याच्या आधी मला कळतं, आणि मी मोठ्याने म्हणतो, "टेकलं." मग त्याने हातातली दांडी पोटाशी घ्यायची आणि पाय चालू करायचे. पोरं मला मागे 'टेकलं सर' म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही.

१३ सप्टेंबर

मेहुण्याने सकाळपासून पिवळी उघडून ठेवली होती. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, आमच्या क्लबचा लायसनवाला मेकॅनिक. त्याची सही झाल्याशिवाय विमान हँगरबाहेर निघत नाही. चौदा वर्षांपूर्वी मीच त्याला इथे चिकटवला. काम चोख, बोलणं मोजकं.

"तार ठीक. शेपटाचं चाक ठीक. डाव्या ब्रेकचं लायनिंग मात्र उजव्याच्या निम्मं राहिलंय."

"म्हणजे ब्रेक धरून राहतोय."

"नाही भावोजी. सोडला की सुटतोय. कुणीतरी दाबून ठेवतंय."

"पोरं दाबतात. घाबरली की टाच खाली जाते."

"असेल," म्हणाला. त्याच्या 'असेल'चा अर्थ 'नाही' असा होतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

१७ सप्टेंबर

गणिताच्या मास्तरांबरोबर पाच वेळा उतरलो. पाचही वेळा पिवळी डावीकडे ओढत होती. मास्तर म्हणाले, "सर, उजवं पेडल दाबलं तरी जात नाही हो. पलीकडून कुणी धरल्यासारखं."

मी म्हटलं, "मास्तर, पेडल जड नाही, भीती जड आहे." पुढच्या सीटवरून हसल्याचा आवाज आला नाही.

संध्याकाळी घरी जरा गंमत. मी फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत एकाच पायात चप्पल घालून आलो. हिने विचारलं, "दुसरी कुठे सोडलीत?" फाटकाशी पडली होती. मला वाटलं दोन्ही पायांत आहेत. डोक्यात गिरकीच फिरत असते, चपलेकडे कुठे लक्ष.

२४ सप्टेंबर

दंतवैद्यबाई आज सुरेख उतरल्या. चाळिशीच्या आहेत, स्वतःचा दवाखाना आहे, दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी येतात. दांडी फक्त तीन बोटांनी धरतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "दातात सुई घालताना जशी धरते तशी. मूठ आवळली की कळायचं बंद होतं." एवढं मी एकोणीस वर्षांत कुणाला इतकं नीट सांगू शकलो नाही.

चहा पिताना मला म्हणतात, "सर, तुम्ही आज 'टेकलं' म्हणालात तेव्हा आपण निम्मी पट्टी धावून गेलो होतो."

"तुम्ही लोण्यासारखं उतरवलंत, कळणार कसं?"

"मला तर धाडकन लागलं," त्या म्हणाल्या.

शिकाऊ माणसाला सगळंच धाडकन लागतं.

२५ सप्टेंबर

आडवा वारा. उड्डाणं नाहीत. दिवसभर पायाला मुंग्या. बसून बसून येतात.

२ ऑक्टोबर

दंतवैद्यबाईंनी काल एकटीने तीन फेऱ्या मारल्या. पहिल्यांदाच एकट्या. तिन्ही वेळा विमान रेघ मारल्यासारखं सरळ. मी पट्टीच्या कडेला उभा होतो, छाती भरून आली. खोटं कशाला लिहू, थोडं डोळ्यांतूनही आलं.

मेहुणा माझ्या शेजारी उभा होता. आज हँगरमध्ये तेच काढलं त्याने.

"भावोजी, मी विमानाच्या नोंदवहीची मागची पानं पाहिली. एकट्याने उडवताना एकदाही ओढलेलं नाही. मास्तरांचंही नाही, बाईंचंही नाही. तुम्ही मागे असता तेव्हाच ओढतं."

"मागे वजन आलं की शेपूट जड होतं. साधी गोष्ट आहे."

तो स्पॅनर पुसत राहिला. मग म्हणाला, "उतरताना तुमचे पाय कुठे असतात?"

चौदा वर्षांपूर्वी ज्याला पेडल कशाला म्हणतात ते मी शिकवलं, तो मला पाय कुठे असतात विचारतो. माझे पाय पेडलांवर टेकलेले असतात. नुसते टेकलेले. कधी गरज लागली तर हाताशी असावेत म्हणून. जगातला प्रत्येक शिक्षक हेच करतो.

५ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं त्याचं हसावं की रडावं कळत नाही.

सकाळी मेहुण्याचा एक नट हरवला. करंगळीच्या नखाएवढा. आमच्या धंद्यात हरवलेला नट म्हणजे हरवलेलं मूल. तो सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही, कारण तो कुठल्या तारेत जाऊन बसला असेल सांगता येत नाही. सगळ्यांनी हँगर झाडला. मीही दिवसभर वाकून वाकून शोधला, पट्टीच्या टोकापर्यंत चालून आलो. मास्तर कंटाळून घरी गेले.

संध्याकाळी ऑफिसात बूट काढला तर टपकन नट खाली पडला. माझ्याच बुटात होता, डाव्या. मोजा भोक पडून तळव्याला चिकटलेला, आणि भोकाभोवती रक्त वाळून काळं झालेलं. नटाचे सहाही कोपरे कातडीत उमटले होते. मी मोठ्याने हसलो. म्हटलं, "घे रे बाबा, दिवसभर तुझा नट मीच फिरवत होतो."

मेहुणा हसला नाही. गुडघ्यावर बसून माझ्या पायाकडे पाहत राहिला. "सकाळपासून आत होता? टोचला नाही?"

"पायलटचा पाय आहे, कातडी जाड असते."

त्याने माझ्या अंगठ्याला हात लावला आणि लगेच काढला. मग नट पुसून खिशात टाकला आणि निघून गेला. एवढी शोधाशोध झाल्यावर माणसाने निदान सुटकेचा श्वास तरी टाकावा.

८ ऑक्टोबर

ही आज सकाळी अचानक म्हणाली, "अहो, एकदा पाय दाखवून या ना डॉक्टरला."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? जखम भरत नाहीये."

जानेवारीत माझी लायसनची वैद्यकीय तपासणी आहे. मागच्या वेळी साखर काठावर निघाली होती. तपासणीआधी पंधरा दिवस गोडाला हात लावत नाही, मग आकडा शहाण्यासारखा वागतो. हे मी फक्त इथे लिहितो. ते डोळे बघतात, कान बघतात, छाती ऐकतात. पाय आजवर कुणी पाहिले नाहीत आणि आपण होऊन दाखवायचे नाहीत. एकदा कागदावर काही आलं की विमान संपलं. विमान गेल्यावर मी काय करणार? सेक्रेटरीबरोबर चष्मे पुसत बसणार?

ठीक आहे, जानेवारीनंतर दाखवीन.

११ ऑक्टोबर, शनिवार

अक्षर वाईट येतंय, तरी आजच लिहायला हवं.

सकाळी मेहुणा सही करेना. बाई हेल्मेट घालून तयार, पिवळी बाहेर काढलेली, आणि हा विमानाची नोंदवही बंद करून उभा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "भावोजी, थोडे दिवस मागच्या सीटवर दुसरं कुणी बसू दे."

"विमानात दोष आहे?"

"नाही."

"मग सही कर. नाहीतर का करत नाहीस ते सगळ्यांसमोर सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला. तोंड उघडलं, मिटलं. मी म्हटलं, "तुझ्या हातून काहीतरी सुटलंय आणि ते तुला माझ्या पायावर ढकलायचंय. एवढंच ना?" त्याने सही केली. पेन खिशात न ठेवता हातातच धरून आत गेला.

चौथ्या वेळी उतरलो तेव्हा वारा उजवीकडून, थोडासा. वाऱ्याची पिशवी अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. टेकलो. मी 'टेकलं' म्हणालो. तोंड डावीकडे जायला लागलं. बाई म्हणाल्या, "उजवं जात नाही." मी म्हटलं, "मारा, उजवा पाय मारा." त्या म्हणाल्या, "जात नाही सर, जात नाही." मग मी स्वतः मारला, सगळ्या ताकदीने. पेडल भिंतीसारखं उभं होतं. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पेडल जागचं हललं नाही.

त्यानंतर सगळं उजवीकडे फेकलं गेलं. उजवं चाक मोडलं, पंख जमिनीत घुसला, आणि बाईंचा उजवा हात दाराच्या लोखंडी चौकटीवर आपटला. बाई ओरडल्या नाहीत. हात मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "हा उजवा आहे."

मला खरचटलंसुद्धा नाही.

१२ ऑक्टोबर

इस्पितळात गेलो होतो. मनगटाची दोन हाडं मोडली, आतली नस चेपली गेली. शस्त्रक्रिया झाली. त्यांचे यजमान बाहेरच्या बाकावर बसले होते. मला बघून उठले, पाणी दिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ ऑक्टोबर

चौकशी अधिकारी आले. तरुण आहेत, सगळं हातानेच लिहून घेतात. माझा जबाब असा: उजवं पेडल अडकलं. याआधीही विद्यार्थ्यांनी तक्रार केली होती. मेकॅनिकला वारंवार सांगूनही दोष निघाला नाही. डावा ब्रेक धरत असल्याचं त्याच्याच नोंदीत आहे.

"आणि तुमचे पाय?"

"पेडलांवर नुसते टेकलेले होते."

त्यांनी तो शब्द तसाच लिहून घेतला.

मेहुण्याचा जबाब दोन ओळींचा निघाला. 'विमान त्या दिवशी मी तपासून सोडलं. जबाबदारी माझी.' अधिकाऱ्यांनी मला वाचून दाखवला, तेव्हा आत कुठेतरी मला बरं वाटलं. अखेर कबूल केलं, असं मनात आलं. मग लगेच हिचं तोंड आठवलं.

१९ ऑक्टोबर

मेहुण्याचं लायसन चौकशी पुरी होईपर्यंत काढून घेतलं. तो स्वतःची पेटी उचलून घेऊन गेला. हँगरच्या भिंतीवर प्रत्येक हत्याराची पांढरी आकृती काढलेली आहे, ती आता नुसतीच दिसते.

ही माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण 'जेवायला वाढलंय' आणि 'दार लावून घ्या' एवढंच. आज मी म्हटलं, "तुझा भाऊ म्हणून मी खोटं बोलायचं होतं का?" ती म्हणाली, "मी काय म्हटलं का काही?" आणि कपडे घडी करत राहिली. तिने माझे दोन मोजे एकमेकांत घातले, पुन्हा काढले, आतून उलटे करून उजेडात धरून पाहिले, मग ठेवले. हे ती हल्ली रोज करते. काय शोधते कुणास ठाऊक.

२३ ऑक्टोबर

काही झालं नाही. हँगरला कुलूप. मास्तरांनी दुसऱ्या क्लबात नाव घातलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज थंडी एकदम वाढली. दुपारी हीटर लावून पेपर वाचत बसलो होतो. पायाला ऊब लागेना म्हणून खुर्ची पुढे ओढली. तरी लागेना, आणखी ओढली. जरा वेळाने जळल्याचा वास आला. मी स्वयंपाकघराकडे ओरडलो, "अगं, काहीतरी करपतंय बघ."

ही दारात आली आणि तिथेच थांबली. माझ्या पायाकडे बघत होती. डावा मोजा हीटरच्या जाळीला लागून वितळला होता आणि त्याखालची कातडी पांढरी होऊन वर आली होती. मी पाय उचलला. दुखला नाही. पेपर अजून माझ्या हातात होता.

तिने पाय थंड पाण्याच्या टपात ठेवला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि गाडी बोलावली. जानेवारीची आठवण झाली, पण तोंडातून निघाली नाही.

२७ ऑक्टोबर

काल इस्पितळात भाजल्याची मलमपट्टी झाली, आज पायाच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणजे आमची विद्यार्थिनी शोभावी अशी मुलगी. तिने टेबलावर झोपवलं. हातात एक छोटी काडी, तिच्या टोकाला नायलॉनचा दोरा, माशाच्या गळासारखा. म्हणाली, "काका, डोळे मिटा. मी हा दोरा तळव्याला लावीन. टेकलं की सांगा."

मला हसू आलं. म्हटलं, "बाई, आयुष्यभर मी तेच काम केलंय."

डोळे मिटले. उजव्या पायावर मी तीनदा 'टेकलं' म्हणालो, मग डाव्याची पाळी. बाजूच्या खोलीत नळ गळत होता. ही कुठेतरी माझ्या डोक्याशी उभी होती, तिच्या बांगडीचा आवाज एकदा आला. मी वाट पाहिली. बरीच पाहिली. डॉक्टर काहीतरी तयारी करत असेल असं वाटलं. शेवटी म्हटलं, "सुरू करा की."

"डोळे उघडा," डॉक्टर म्हणाली. तिने आरसा धरला. डाव्या तळव्याच्या भाजलेल्या भागाशेजारी, बोटांवर आणि टाचेवर, निळ्या पेनाचे दहा ठिपके होते. जिथे जिथे दोरा टेकवला तिथे तिने खूण केली होती. पेनही मला कळलं नव्हतं.

"उजव्यावर तीनदा तरी सांगितलंत," ती म्हणाली. मग तिने पाय तिच्या हातावर दाबायला सांगितला. "हळूच. नुसता टेकवा." मी टेकवला. तिचा हात टेबलापर्यंत खाली गेला. ती म्हणाली, "काका, एवढा जोर नको."

"जोर कुठे लावतोय," मी म्हटलं, आणि बोलता बोलताच मला सगळं कळलं.

उजवं जात नव्हतं, कारण डावं मी धरलं होतं. मास्तरांच्या वेळी मी. बाईंच्या वेळी मी. त्या ओरडून सांगत होत्या आणि मी मागे बसून डावा पाय रोवून म्हणत होतो, मारा, उजवा मारा. आणि मग स्वतःच्याच एका पायाशी दुसऱ्या पायाने झुंजत होतो. आणि टाच ब्रेकवर. ते लायनिंग मी झिजवलं.

घरी येईपर्यंत गाडीत मी रडलो. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि आरसा फिरवला.

२८ ऑक्टोबर

हिला विचारलं, "तुझ्या भावाला माहीत होतं?"

"नट सापडला त्या दिवसापासून. त्या रात्री मला येऊन सांगून गेला, पाय बधिर झालेत, डॉक्टरकडे ने."

"मग मला तोंडावर का नाही सांगितलं? तू का नाही सांगितलंस?"

ती म्हणाली, "मी सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? मीही जानेवारीपर्यंत ढकलत होते. तुमच्यासारखीच."

३१ ऑक्टोबर

दंतवैद्यबाईंच्या घरी गेलो. फोन करून गेलो होतो, तरी दारात पाच मिनिटं उभा राहिलो.

हात प्लास्टरमध्ये, बोटं बाहेर. मी जे होतं ते सगळं सांगितलं. पेडल, टाच, दोरा, ठिपके. शेवटी त्या म्हणाल्या, "मी सांगत होते, उजवं जात नाही."

"हो. तुम्ही सांगत होतात."

"मला वाटलं, माझंच चुकतंय. तुम्ही मागे होतात ना."

मग त्यांनी डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून धरून दाखवली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर आहेत. वर्षभरात येईल, कदाचित नाही येणार, असं डॉक्टर म्हणतात. "सुई मुळाच्या तळाला टेकली की बोटाला कळावं लागतं. तिथे डोळ्यांनी काही दिसत नाही. आता नाही कळत." त्या हे माझ्यावर चिडून म्हणाल्या असत्या तर मला निघता आलं असतं. त्या मला नुसतं समजावून सांगत होत्या, कारण त्या खोलीत त्यांचं म्हणणं दुसऱ्या कुणाला इतकं कळलं नसतं.

त्यांच्या यजमानांनी या वेळी पाणी दिलं नाही.

४ नोव्हेंबर

जबाब बदलून आलो. अधिकाऱ्यांनी जुना कागद पुढे ठेवला. मी 'टेकलेले' वर रेघ मारली, वर 'दाबलेले' लिहिलं, सही केली. त्यांनी विचारलं, "किती जोराने?" मी म्हटलं, "मला सांगता येत नाही. तोच तर प्रश्न आहे." लायसनचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. साखरेचं आणि त्या पंधरा दिवसांचंही सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "मेकॅनिकला हे आधी माहीत होतं का?"

याचं उत्तर मला रात्रभर सुचलं नव्हतं. हो म्हटलं तर त्याचं लायसन कायमचं जाईल. नाही म्हटलं तर पुन्हा खोटं. मी म्हटलं, "त्याला विचारून सांगतो." अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. असं उत्तर त्यांना आजवर कुणी दिलं नसावं.

५ नोव्हेंबर

सकाळी मेहुण्याकडे गेलो. आता सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, घरी कामं आणतो. अंगणात एक चाक उलटं टांगून आरे आवळत होता. मी दाराशी बूट काढले, भाजलेल्या पायावर पट्टी होती, आत जाऊन बसलो. त्याच्या बायकोने चहा ठेवला आणि आत गेली.

मी म्हटलं, "माझं चुकलं. तू मला वाचवायला जबाबदारी अंगावर घेतलीस आणि मी..."

"तुम्हाला वाचवायला नाही, भावोजी."

चाक फिरत होतं. त्याने ते हाताने थांबवलं.

"मी खोटं लिहिलं नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी सही केली. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हटलं, यांचे पाय गेले हे चारचौघांत कसं सांगू. चार फेऱ्या तर मारायच्या आहेत." मग म्हणाला, "बाईंचा हात बघून आलात?"

"आलो."

"मी गेलो नाही अजून."

चहा गार झाला. मी विचारलं, अधिकाऱ्यांना काय सांगू. तो म्हणाला, "माहीत होतं म्हणून सांगा. नाहीतर मी जाऊन सांगतो." मी 'नको' म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं का, कळत नाही. तेवढं खरं त्याच्या वाट्याचं आहे आणि ते त्याच्याकडून काढून घ्यायचा मला हक्क नाही. आणि त्याच्या ताईला, म्हणजे माझ्या हिला, यापुढे भाऊ आणि नवरा दोघंही विमानाखेरीजचेच मिळणार.

निघताना मी बुटांत पाय घालायला गेलो तर त्याने हाताने अडवलं. खाली बसला. डावा बूट उचलला, उलटा करून पायरीवर दोनदा आपटला, मग आत हात घालून थेट पुढच्या टोकापर्यंत बोटं फिरवली, विमान सोडायच्या आधी तो इंजिनाखाली हात फिरवायचा तशी. उजव्याचंही तेच केलं. काही सापडलं नाही. दोन्ही बूट जोडून माझ्यासमोर ठेवले.

मी पाय आत घातले. पाय आत गेलेत की नाही हे पाहायला मला खाली वाकून बघावं लागलं.

कारण सापडलं आहे. वही इथे बंद करतो.